गोल किकला ऑफसाइड नाही, पण कुठपर्यंत?

पावसाळा लागला की सातारा आणि सांगली जिल्ह्यांत शालेय फुटबॉलची लगबग सुरू होते. सुब्रतो चषकाच्या तालुका आणि जिल्हा फेऱ्या, मग कोल्हापूर विभाग. साताऱ्याचे शाहू स्टेडियम असो, कराड-मिरजेची मैदाने असोत की पाचगणीच्या निवासी शाळांची, शिट्टी बहुधा शारीरिक शिक्षकाच्याच हाती असते. हाच माणूस पुढच्या आठवड्यात कबड्डीला आणि खो-खोलाही उभा राहतो. ‘गोल किकला ऑफसाइड नाही’ हे त्याला तोंडपाठ असते. ते खरेही आहे. पण वाक्य तिथे संपत नाही आणि भांडणे नेमकी उरलेल्या भागावरून होतात.

अकराव्या नियमातली सवलत फक्त थेट आलेल्या चेंडूला आहे. गोलरक्षकाने गोल किक मारली आणि चेंडू कोणत्याही सहकाऱ्याला न लागता बचावफळीच्या मागे उभ्या असलेल्या फॉरवर्डकडे गेला, तर तो कितीही पुढे असो, गुन्हा नाही. आता हाच चेंडू मध्यरेषेपलीकडे नऊ नंबरच्या डोक्यावर आला, त्याने हेडने पुढे सरकवला आणि आधीच पुढे पळालेल्या अकरा नंबरला मिळाला असे समजा. इथे सवलत संपली. नऊ नंबरचे डोके चेंडूला लागले त्या क्षणी अकरा नंबर कुठे होता, हे पाहायचे. प्रतिस्पर्ध्यांच्या अर्ध्या भागात, चेंडूच्या पुढे आणि शेवटून दुसऱ्या प्रतिस्पर्ध्याच्याही पुढे असेल, तर झेंडा वर गेलाच पाहिजे. तोच हेड बचावपटूने जाणूनबुजून मारलेला असेल, तर मात्र ऑफसाइड नाही. दोघे एकाच वेळी उडाले तर स्पर्श कोणाचा हे रेषेवरून कळणे कठीण असते. ते मधल्या पंचाने बघावे आणि लगेच सहाय्यकाला सांगावे. गोल किक म्हटल्यावर पलीकडच्या अर्ध्या भागातला सहाय्यक निवांत उभा राहतो, हे आम्हाला सर्वांत जास्त खटकते. त्याचे खरे काम या हेडनंतरच सुरू होते.

याहून अवघड प्रसंग गोलपोस्टसमोर घडतो. कॉर्नरवर गर्दीत गोलरक्षकाला धक्का बसतो, पंच शिट्टी मारतो, गोलरक्षक चेंडू गोल एरियात ठेवतो आणि दोन पावले मागे जाऊन लांब किक मारतो. कडेला उभ्या पालकांना, राखीव खेळाडूंना आणि पुष्कळदा प्रशिक्षकालाही ही गोल किकच वाटते. जागा तीच, मारणारा तोच. आपल्या गोल एरियातली फ्री किक त्या एरियात कुठूनही घेता येते, त्यामुळे चेंडूही सोयीच्या ठिकाणी सरकलेला असतो. पण ही फ्री किक आहे आणि फ्री किकला ऑफसाइड लागू आहे. गोलरक्षकाने हातातला चेंडू फेकला किंवा हातातून सोडून लाथाडला, तरी लागू. म्हणून आमचा आग्रह आहे की अशा वेळी पंचाने मोठ्याने ‘फ्री किक’ म्हणावे. धक्क्याची शिक्षा डायरेक्ट फ्री किकची, त्यामुळे हात वर धरायचा नसतो, फक्त दिशा दाखवायची असते. चिखलात फक्कीच्या रेषा पुसल्या गेल्या असताना तेवढ्याने कोणाला काही उमगत नाही.

ही सवलत आली कुठून? 1863 च्या इंग्लंडमधल्या पहिल्या नियमावलीत चेंडूच्या पुढे असलेला स्वपक्षाचा प्रत्येक खेळाडू खेळाबाहेर मानला जाई. गोलरेषेच्या मागून मारलेल्या किकला मात्र हे बंधन नव्हते, कारण तिथून किक मारताना सगळा संघच चेंडूच्या पुढे असणार. कॉर्नरला सूट 1882 मध्ये आणि थ्रो-इनला 1920 मध्ये मिळाली. स्वतःच्या अर्ध्या भागातल्या खेळाडूला 1907 मध्ये ऑफसाइडमधून मोकळीक मिळाल्यावरही गोल किकची सवलत तशीच राहिली. 2019 पासून गोल किकचा चेंडू पेनल्टी एरियाबाहेर जाण्याचीही गरज नाही. तो मारला जाऊन स्पष्ट हलला की खेळ सुरू.

प्रशिक्षकांनी या नियमाकडे डावपेच म्हणून पाहावे. चौदा वर्षांखालच्या मुलांची किक मध्यरेषेपर्यंत पोचतेच असे नाही, तिथे हा प्रश्न फारसा येत नाही. सतरा वर्षांखालच्या गटात, त्यातही आखूड मैदानावर, चांगल्या गोलरक्षकाची किक थेट बचावफळीच्या डोक्यावरून जाते. मग एक फॉरवर्ड त्या फळीच्या मागे उभा करा. त्याच्यासोबत बचावपटूला मागे जावेच लागेल आणि मधल्या फळीसाठी जागा मोकळी होईल. याउलट आपले बचावपटू एका ओळीत पुढे सरकून ऑफसाइडचा सापळा लावायला शिकलेले असतात. समोरच्या संघाची गोल किक येत असताना हा सापळा निरुपयोगी आहे, हे त्यांना सरावातच दाखवून द्यायला हवे. तोंडी सांगून मुले विसरतात.

तालुका पातळीवर दोन प्रशिक्षित सहाय्यक मिळणे दुर्मीळ. राखीव खेळाडूंच्या हाती झेंडे द्यावे लागले, तर त्यांना चेंडू बाहेर गेला एवढेच दाखवायला सांगा आणि ऑफसाइडचा निर्णय स्वतःकडे ठेवा. गोल किक लागली की चेंडू नीट ठेवला आहे ना हे बघा आणि लगेच तो पडेल त्या भागाच्या बाजूला जा. पहिला स्पर्श आणि शेवटची बचावफळी एकाच नजरेत आली पाहिजे. मैदानाच्या मधोमध, गोलरक्षकाकडे तोंड करून थांबलात, तर यातले काहीच दिसणार नाही.