घोड्याच्या मूत्रपिंडातील सौम्य गाठ

घोड्याची दोन मूत्रपिंडे एकसारखी नसतात. डावे घेवड्याच्या बीसारखे, तर उजवे पत्त्यांतील बदामासारखे. उजवे शेवटच्या बरगड्यांआड दडलेले. पशुवैद्याने गुदमार्गे चाचपले तरी डाव्याचे मागचे टोक तेवढे त्याच्या हाती लागते. इतक्या खोलवर गाठ वाढू लागली, तर धन्याला तिचा सुगावा लागावा कसा? वरातीच्या घोड्यावर आजही कित्येक घरांची चूल पेटते, म्हणून हा विषय आम्ही येथे घेतला.

मूत्रपिंडातील नलिकांच्या अस्तरापासून उद्भवणाऱ्या सौम्य गाठीस ॲडिनोमा म्हणतात. आपल्या जुन्या वैद्यकातील ‘अर्बुद’ हा शब्दही चालेल. ही गाठ बहुधा लहान व रेखीव असते. ती आसपासच्या भागात घुसत नाही, दूरच्या अवयवांत पसरत नाही. घोडा खातो, राबतो, दुसऱ्याच कारणाने मरतो, आणि शवविच्छेदनात ती अवचित दृष्टीस पडते.

मुळात घोड्याच्या मूत्रपिंडात उद्भवणाऱ्या गाठी विरळाच. परंतु ज्या गाठी जिवंतपणी त्रास देऊ लागतात, म्हणजे घोडा रोडावतो, पोटशूळ वारंवार उठतो, मूत्रातून रक्त जाते, त्या बहुतेक कर्करोगाच्या निघतात. म्हणून ‘सौम्य’ हे विशेषण तपासणीपूर्वीच लावून समाधान मानणे आम्हांस धोक्याचे वाटते. सोनोग्राफीत गाठीचा आकार कळतो. तिची जात मात्र तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यावाचून निश्चित होत नाही. रोग पसरलेला नसेल आणि दुसरे मूत्रपिंड धडधाकट असेल, तर बिघडलेले काढून टाकता येते व घोडा एकावर जगू शकतो. शस्त्रक्रिया मोठी, खर्चही मोठा; गरीब धन्यापुढे हा पेच खराच आहे.

उलट, विनाकारण घाबरण्याचेही एक निमित्त असते. घोड्याचे मूत्र स्वभावतःच गढूळ असते, कारण त्यात कॅल्शियम कार्बोनेटचे कण व चिकट स्राव असतो. शिवाय ते काही वेळ पडून राहिले की हवेच्या संपर्काने तांबूस होऊ शकते. तबेल्यातील लाल डाग पाहून रडारड करू नये; धार चालू असतानाच रंग पाहावा. तेव्हाच ती लाल असेल, तर स्वच्छ बाटलीत नमुना धरून त्याच दिवशी पशुवैद्यास दाखवावा. घरगुती काढ्यांत आठवडा दवडू नये.