कृत्रिम हाड हा मांडव. वेल आपलीच हवी

शेतकरी बंधूंनो, हंगाम आला की मळणी यंत्रात हात सापडल्याच्या, ट्रॅक्टर उलटल्याच्या बातम्या येतातच. अशा वेळी गावात हल्ली एक वाक्य कानी पडते, "आता काय, कृत्रिम हाड बसवतात म्हणे!" बसवतात, हे खरे. पण ते काय असते हे नीट समजून घ्या, नाहीतर त्याच भरवशावर पाय गमावून बसाल.

हाडाचे खनिज आपल्याला परके नाही. सुपर फॉस्फेट सुरुवातीला हाडांवर गंधकाम्लाची प्रक्रिया करूनच होत असे. आज त्यासाठी रॉक फॉस्फेट वापरतात. त्या खडकातले आणि हाडातले खनिज एकाच कुळातले, कॅल्शियम आणि स्फुरदाचे. हाडातली पोकळी भरायला डॉक्टर जी भुकटी, खडे किंवा ठोकळे वापरतात तेही बहुधा याच द्रव्यांचे, प्रयोगशाळेत शुद्ध करून भट्टीत भाजलेले. १८९२ साली ड्रेसमन या जर्मन डॉक्टरांनी प्लास्टर ऑफ पॅरिस, म्हणजे आपण चोपण जमिनीत घालतो ते जिप्समच भाजून, हाडाच्या पोकळीत भरून पाहिले होते. १९६९ साली अमेरिकेत फ्लोरिडा विद्यापीठात लॅरी हेंच यांनी हाडाला घट्ट चिकटणारी काच तयार केली.

या मालाचे काम द्राक्षाच्या मांडवासारखे आहे. त्यात बारीक छिद्रे असतात. शेजारच्या जिवंत हाडातून रक्तवाहिन्या आणि पेशी त्यात शिरतात आणि नवे हाड धरते. काही प्रकार महिन्यांत विरघळून जातात, काही वर्षानुवर्षे राहतात. पण वेलच वाळली तर मांडव काय कामाचा? रक्तपुरवठा तुटला, जखमेत पू झाला, तर महागातला मालही वाया जातो. शिवाय तो ठिसूळ असतो. मोठ्या हाडाला पट्टी किंवा सळईचा आधार लागतोच. रुग्णाच्याच कमरेचे हाड काढून लावणे आजही पुष्कळदा सरस ठरते.

म्हणून पहिले काही तास मोलाचे. हाड बाहेर दिसत असेल तर हळद, शेण, तेल काही लावू नका. स्वच्छ कापडाने झाका, फळीचा आधार द्या आणि १०८ ला फोन करा. हाडवैद्याकडे आवळून बांधलेल्या कामट्यांनी रक्त थांबते, पाय काळा पडतो. मग कृत्रिम हाड भरायचे कुठे? आणि उपचार चालू असताना तंबाखू, बिडी बंद. त्याने हाड जुळायला उशीर लागतो.

आता थोडे सरकारबद्दल. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजनेत अपघाती मृत्यू झाला तर २ लाख आणि एक हात किंवा पाय गेला तर १ लाख मिळतात. हे अर्ज आमच्याच कृषी खात्याकडे येतात. पण पाय गेल्यावर पैसे, पाय वाचवायला त्यातून काही नाही, हे मला पटत नाही. वाचवलेला पाय शेतकऱ्याला त्या लाखापेक्षा जास्त कमावून देतो. उपचारखर्चाचा विचार या योजनेत व्हायलाच हवा. तोवर महात्मा फुले जन आरोग्य योजनेत उपचार घेताना हाड भरायच्या मालाचा खर्च त्यात बसतो का, हे शस्त्रक्रियेआधीच विचारून घ्या.

सरपंचांना एकच विनंती, पुढच्या ग्रामसभेत हा विषय घ्या. मळणीच्या आधी घ्या, अपघातानंतर नको.