तीन रुपयांचा हिशेब

अनुभव सिन्हा यांचा ‘आर्टिकल १५’ हा चित्रपट २०१९ साली आला आणि प्रेक्षकांत सरळ दोन तट पडले. ब्राह्मण संघटनांनी बदनामीची ओरड केली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेले. चळवळीतल्या अनेकांनी उलट सवाल केला: अत्याचार आमच्यावर, मग तारणहार ब्राह्मण अधिकारीच का? सवाल रास्त आहे. लढणारा निषाद मारला जातो आणि टाळ्या अयान रंजनला मिळतात, हे आम्हालाही खटकते.

पण नायकाच्या जातीवर भांडताना मूळ मुद्दा बाजूला पडला. हा रहस्यपट खुनी कोण एवढ्यावर थांबत नाही. खून कशासाठी, तेही सांगतो. त्या मुलींनी मजुरीत फक्त ३ रुपये वाढ मागितली होती! तेवढ्यासाठी ‘औकात’ दाखवून त्यांना झाडाला टांगले गेले. बदनामीची ओरड करणाऱ्यांना या ३ रुपयांची लाज वाटली नाही.

आम्ही मात्र तो हिशेब सोडता कामा नये. बाबासाहेबांनी १९३६ साली स्वतंत्र मजूर पक्ष काढला, तो जात आणि मजुरी यांची गाठ ओळखूनच. तारणहार नको, हे ठीक. मग गावोगावच्या मजुरीच्या लढ्यात आपण स्वतः उभे आहोत काय?