फ्लॅट घेताय? क्लबहाउस नंतर, आधी खिडकी बघा

उपनगरात फ्लॅट शोधणाऱ्या बहुतेक घरांमध्ये हल्ली एक तक्ता तयार असतो. वाघोली, पुनावळे, आंबेगाव, घोडबंदर रोड, बदलापूर अशी नावं उभी आणि रकाने आडवे. कार्पेट एरिया किती, चौरस फुटाचा दर काय, पार्किंग आहे का, पझेशन कधी, मेट्रो किती लांब, दरवाजा पूर्वेला आहे का. शिवाय क्लबहाउस, जिम, स्विमिंग पूल आणि आता 'सीनियर सिटिझन कॉर्नर'सुद्धा.

या तक्त्यात पैशाचा हिशेब चोख असतो. ज्या शरीरानं त्या घरात पुढची वीस-तीस वर्षं श्वास घ्यायचा, पाणी प्यायचं, झोपायचं आणि आजारी पडायचं, त्याच्यासाठी मात्र एकही रकाना नसतो. घर निवडणं हा आरोग्याचा निर्णय आहे, हे माझं ठाम मत आहे. बिल्डरच्या ब्रोशरनं आपल्याला नेमक्या चुकीच्या गोष्टींची तुलना करायला शिकवलं आहे. माझ्या मते तक्त्यात तीन रकाने सगळ्यात आधी हवेत: उजेड-वारा, पाणी आणि वेळ.

उजेड-वारा: १२५ वर्षांपूर्वी माहीत होतं ते

१८९६ साली मुंबईत प्लेग आला. गर्दीच्या, अंधाऱ्या चाळींमध्ये माणसं मेली. त्यानंतर १८९८ मध्ये बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला आणि त्याच्याच योजनेतून दादर-माटुंग्याचा भाग आखला गेला. आजची हिंदू कॉलनी आणि पारशी कॉलनी ही त्याचीच फळं. प्लेग उंदरांवरच्या पिसवांमुळे पसरतो हे तेव्हा नीट कळलेलं नव्हतं, दोष कोंदट हवेला दिला जाई. म्हणजे प्लेगचं निदान अर्धवट होतं, पण इलाज दुसऱ्या एका रोगासाठी अचूक ठरला. तो रोग म्हणजे क्षय, आपला टीबी.

ट्रस्टनं खोलीच्या उजेडासाठी साडेत्रेसष्ट अंशांच्या कोनाचा नियम धरला होता. भूमिती बाजूला ठेवून सांगायचं तर समोरच्या इमारतीची उंची मधल्या मोकळ्या जागेच्या साधारण दुपटीपेक्षा जास्त नको. आता तुमच्या तक्त्यातला फ्लॅट घ्या. समोर वीस मजली टॉवर, म्हणजे अंदाजे ६० मीटर उंची, आणि मधली जागा १२ मीटर. दुप्पट सोडा, हे पाचपट झालं. तुम्ही दुसऱ्या-तिसऱ्या मजल्यावर असाल तर तुमच्या बेडरूममध्ये दिवसाढवळ्या दिवा लागणार.

याचा शरीराशी संबंध काय? टीबीचा रुग्ण खोकतो तेव्हा जंतू असलेले अतिसूक्ष्म कण हवेत मिसळतात. बंद खोलीत ते तासन् तास तरंगत राहू शकतात. खेळती हवा त्यांना विरळ करते आणि ऊन जंतूंना मारतं. जगातल्या टीबी रुग्णांपैकी सुमारे एक चतुर्थांश भारतात आहेत, त्यामुळे 'आमच्याकडे कुठला टीबी' असं म्हणण्याची सोय आपल्यापैकी कोणालाच नाही. गोवंडी-मानखुर्द भागातल्या लल्लूभाई कंपाउंड, नटवर पारेख कंपाउंडसारख्या पुनर्वसन वसाहतींचा काही वर्षांपूर्वी अभ्यास झाला. खेटून उभ्या इमारती, उजेड नाही, वारा नाही, आणि त्याचा टीबीशी असलेला संबंध त्यातून पुढे आला. तिथल्या लोकांना निवडीची संधीच नव्हती, जे घर मिळालं त्यात ते राहिले. आपण कर्ज काढून, चार साइट फिरून, हौसेनं तीच भूमिती विकत घेतो!

टीबी हे टोकाचं उदाहरण झालं. रोजचं दुखणं म्हणजे ओल. ओल आली की भिंतीवर बुरशी येते. तिचे कण श्वासातून गेले की दमेकऱ्याचा दमा बळावतो आणि लहान मुलांची सर्दी-खोकला-शिट्टी महिनोन् महिने सुटत नाही. मग औषधं बदलतात, डॉक्टर बदलतात, कपाटामागची काळी भिंत मात्र तशीच राहते. डक्टमध्ये उघडणारी बेडरूमची खिडकी ही कायद्याच्या कागदावर खिडकी असेल, फुप्फुसाच्या दृष्टीनं ती भिंतच.

दरवाजाच्या दिशेबद्दल माझं भांडण नाही. ज्याची त्याची श्रद्धा. पण पूर्वेच्या दरवाजासाठी आपण पाच फ्लॅट नाकारतो आणि ज्या खिडकीतून ऊन-वारा येणार ती उघडूनही बघत नाही, हे मला समजत नाही.

पाणी: टीडीएस मीटरनं जंतू दिसत नाहीत

जानेवारी २०२५ मध्ये पुण्याच्या सिंहगड रस्ता परिसरात गियाँ-बारे सिंड्रोमचे, म्हणजे जीबीएसचे रुग्ण अचानक वाढले. या आजारात एखाद्या जंतुसंसर्गानंतर शरीराची प्रतिकारशक्ती चुकून स्वतःच्याच नसांवर हल्ला करते. पायांना मुंग्या येतात, मग अशक्तपणा वर वर चढत जातो आणि काहींना व्हेंटिलेटर लागतो. त्या साथीत संशयित रुग्णांची संख्या दोनशेच्या पुढे गेली. काही रुग्णांच्या तपासणीत कॅम्पायलोबॅक्टर जेजुनी हा दूषित पाण्यातून आणि अन्नातून पसरणारा जंतू सापडला.

आता नकाशा बघा. नांदेड, किरकटवाडी, धायरी, खडकवासला. यातली बरीच गावं २०२१ मध्ये पुणे महापालिकेत आली. टॉवर आधी उभे राहिले, पाणी शुद्ध करण्याची पुरेशी व्यवस्था मात्र मागेच राहिली. ब्रोशरमध्ये या परिसरांचं वर्णन 'निसर्गाच्या कुशीत' असं होतं.

अनेक नव्या उपनगरांत परवानगी देताना बिल्डरकडून हमीपत्र घेतलं जातं की पालिकेचं पाणी येईपर्यंत पाणी तो पुरवेल. पुढे सोसायटी स्थापन होते, बिल्डर निघून जातो आणि टँकरचं बिल मेंटेनन्समध्ये जाऊन बसतं. टँकर कुठल्या विहिरीवर भरला हे वॉचमनला माहीत नसतं, सेक्रेटरीला नसतं आणि कधी कधी ड्रायव्हरलाही नसतं.

'पण आमच्या सोसायटीचा टीडीएस छान आहे,' असं मला अनेक जण सांगतात. टीडीएस म्हणजे पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण. त्यात जंतू मोजले जात नाहीत. टीडीएस दोनशे असलेल्या पाण्यातही काविळीचे आणि टायफॉइडचे जंतू सुखानं राहू शकतात. पाहायचं असेल तर क्लोरीन पाहा. नळाच्या पाण्यात लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असायला हवं. ओटी टेस्टच्या साध्या संचानं ते मिनिटभरात कळतं: थेंब टाकल्यावर पाणी पिवळसर झालं तर क्लोरीन आहे. लाखोंची इटालियन मार्बलची लॉबी दाखवणाऱ्या किती जणांनी तुम्हाला ही चाचणी करून दाखवली?

वेळ: 'फक्त पंधरा मिनिटांवर'

'आयटी पार्क फक्त पंधरा मिनिटांवर' हे वाक्य बहुधा रविवारी पहाटे मोजून लिहितात. सोमवारी सकाळी नऊला हाच प्रवास सव्वा ते दीड तासाचा होतो. साधा हिशेब करा: जायला दीड, यायला दीड, दिवसाचे तीन तास. आठवड्याचे पंधरा. वर्षाचे ४८ आठवडे धरले तर ७२० तास, म्हणजे रात्रंदिवस मोजून तीस दिवस. वर्षातला एक अख्खा महिना गाडीत बसून, धूर गिळत.

हा महिना येतो कुठून? झोपेतून, व्यायामातून आणि रात्रीच्या जेवणाच्या वेळेतून. मग पस्तिशीत ब्लडप्रेशरची गोळी सुरू होते आणि मी 'रोज चाळीस मिनिटं चाला' असं सांगितलं की समोरचा माणूस हसतो. त्याचं बरोबर आहे, त्याची चाळीस मिनिटं त्यानं घराबरोबरच विकून टाकलेली असतात. क्लबहाउसच्या जिमचे पैसे तो भरतो, वापरायला रात्री दहा वाजता घरी पोचतो.

दुसरी वेळ याहून महत्त्वाची. पक्षाघाताचा झटका आला आणि रक्ताची गुठळी न विरघळता तशीच राहिली तर मेंदूच्या सुमारे १९ लाख पेशी दर मिनिटाला मरतात. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं, आणि त्याआधी सीटी स्कॅन करावा लागतो. त्यामुळे 'जवळच हॉस्पिटल आहे' एवढं पुरेसं नाही. तिथे चोवीस तास सीटी स्कॅन आणि आयसीयू आहे का, संध्याकाळी सातच्या ट्रॅफिकमध्ये तिथे पोचायला किती वेळ लागतो, आणि लिफ्टमध्ये स्ट्रेचर आडवं मावतं का, हे विचारा. आई-वडील सोबत राहणार असतील तर हे प्रश्न 'सीनियर सिटिझन कॉर्नर'च्या आधी यायला हवेत.

'डॉक्टर, बजेटमध्ये हेच बसतं'

हा आक्षेप मी गंभीरपणे घेतो. पगार आणि दर यांच्यातली दरी मला दिसते. 'हवेशीर घर घ्या' हा सल्ला 'केक खा' असा वाटू नये. पण मी जास्त महाग घर घ्या असं म्हणतच नाही. एकाच सोसायटीत, एकाच दरानं, एका फ्लॅटची खिडकी मोकळ्या रस्त्याकडे असते आणि दुसऱ्याची डक्टमध्ये. थोडा लहान पण दोन बाजूंनी वारा असलेला फ्लॅट, मोठ्या आणि कोंदट फ्लॅटपेक्षा मी केव्हाही चांगला मानेन. बघायला पैसे लागत नाहीत, फक्त काय बघायचं ते ठरवावं लागतं.

पुढच्या साइट व्हिजिटला एवढं करा:

- सॅम्पल फ्लॅटमध्ये एसी आणि सगळे दिवे बंद करायला सांगा. दहा मिनिटं तसेच बसा.
- तुम्हाला मिळणाऱ्या प्रत्यक्ष फ्लॅटमध्ये एक उदबत्ती लावा. धूर दुसऱ्या बाजूनं बाहेर गेला तर वारा खेळतो आहे, जागीच घुटमळला तर नाही. सेल्समनला पूजा वाटली तर वाटू द्या.
- महारेराच्या संकेतस्थळावर मंजूर नकाशा बघा. खिडकीसमोरचं आजचं मोकळं मैदान म्हणजे उद्याचा 'फेज टू' असू शकतो.
- त्याच बिल्डरच्या जुन्या इमारतीत भर पावसाळ्यात जा आणि भिंतींचे कोपरे बघा.
- पाणी कोणाचं, रोज किती टँकर येतात आणि टाक्या शेवटच्या कधी धुतल्या, हे सेल्समनला नको, तिथल्या रहिवाशांना विचारा.
- जमत असेल तर त्या भागात आधी एक पावसाळा भाड्यानं राहा.

ज्यांनी घर घेतलं आहे त्यांनी निराश होऊ नये. गॅलरी काचेनं बंद केली असेल तर ती उघडी करा, सोसायटीच्या सभेत पाण्याच्या तपासणीचा ठराव मांडा. ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत बांधकामाच्या दर्जातला दोष दिसला, तर रेरा कायद्यानुसार बिल्डरनं तो विनामूल्य दुरुस्त करून द्यायचा असतो. सदोष बांधकामामुळे गळणारी भिंत तुम्ही स्वखर्चानं रंगवत बसू नका, लेखी तक्रार करा.

शेवटी एक गोष्ट. ही सगळी तपासणी ग्राहकानं एकट्यानं करावी लागते, हे काही आदर्श नाही. पाण्याची आणि रस्त्याची सोय नसताना हजारो फ्लॅटना परवानगी देणारी यंत्रणा आणि हमीपत्रावर सही करून विसरणारा बिल्डर हे यातले मोठे गुन्हेगार. पण जोपर्यंत आपण स्विमिंग पूल विचारतो तोपर्यंत ते स्विमिंग पूलच बांधणार. प्रत्येक साइट ऑफिसमध्ये रोज दहा जणांनी 'खिडकी उघडून दाखवा आणि पाण्याचा रिपोर्ट द्या' म्हटलं, तर ब्रोशर बदलायला फार दिवस लागणार नाहीत.