विष उतरले, पुढे काय?



रात्री घरात आरडाओरड होते. कुणीतरी जीप काढतो. माणूस ग्रामीण रुग्णालयात पोचतो. डॉक्टर अ‍ॅट्रोपिन देतात, सलाईन लावतात. नशीब बलवत्तर असले तर आठ दिवसांनी माणूस घरी येतो. कागदावर काय असते? 'फवारताना चुकून पोटात गेले.' हे आम्हीच सांगितलेले असते, पोलिसांच्या भीतीने. डॉक्टरलाही खरे कळलेले असते. पण तो विचारत नाही, कारण विचारून पुढे काय करायचे हे बहुतेक वेळा त्याला कुणी शिकवलेलेच नसते. माणूस त्याच कर्जात, त्याच घरात, त्याच डब्याशेजारी परत येतो. एकदा प्रयत्न केलेल्याला पुन्हा धोका असतो, आणि पहिल्या काही महिन्यांत तो सर्वांत जास्त असतो.

काही कार्यकर्ते म्हणतात, 'शेतमालाला भाव द्या, डॉक्टर कशाला?' भावाची लढाई आम्ही सोडलेली नाही, सोडणार नाही. पण कापसाचा भाव ठरेपर्यंत आजची रात्र थांबत नाही. आणि सगळे दुखणे कर्जाचेही नसते. भ्रमात गेलेला तरणा पोरगा दोराने बांधून, भाड्याच्या गाडीत घालून नागपूरला न्यावा लागतो. राज्यातली जुनी प्रादेशिक मनोरुग्णालये चार: ठाणे, पुणे, नागपूर, रत्नागिरी. त्यांत मराठवाड्यात एकही नाही. छातीत कळ आली तर १०८ ची गाडी आणि डोके फिरले तर दोर, हा कुठला न्याय?

कायदा मात्र आमच्या बाजूचा आहे, आणि तो आम्हाला कुणी सांगत नाही. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७. कलम २१: शरीराच्या रोग्याला जशी रुग्णवाहिका मिळते तशीच मनाच्या रोग्याला मिळाली पाहिजे. कलम ९४: जीव धोक्यात असेल तर कोणताही नोंदणीकृत डॉक्टर ७२ तासांपर्यंत तातडीचा मानसोपचार करू शकतो, 'आमच्याकडे मानसोपचारतज्ज्ञ नाही' एवढे सांगून हात झटकायचे कारण नाही. कलम ११५: आत्महत्येचा प्रयत्न केलेला माणूस तीव्र ताणाखाली होता असे धरायचे, त्याला शिक्षा करायची नाही, आणि त्याची काळजी, उपचार व पुनर्वसन सरकारने करायचे. आणि कलम ३१: सरकारी दवाखान्यातल्या प्रत्येक वैद्यकीय अधिकाऱ्याला तातडीच्या मानसोपचाराचे शिक्षण द्यायचे.

हे काम अवघडही नाही. साध्या दवाखान्यातल्या डॉक्टरांना आणि कर्मचाऱ्यांना शिकवून मनाचा इलाज जिल्ह्यात नेता येतो, हे बंगळुरूच्या निमहान्सने १९८५ पासून बेल्लारी जिल्ह्यात दाखवले. त्यावरूनच १९९६ साली देशाचा जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम सुरू झाला. आपल्या अमरावती जिल्ह्यात ३० गावांत 'विश्राम' प्रकल्प झाला. गावपातळीवरच्या कार्यकर्त्यांना शिकवले, तर दीड वर्षात नैराश्याच्या रोग्यांपैकी इलाजापर्यंत पोचणाऱ्यांचे प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले. माणसे इलाजाला नाही म्हणत नव्हती. इलाजच त्यांच्यापर्यंत येत नव्हता.

म्हणून आमचे म्हणणे असे. प्रत्येक तालुक्याच्या बैठकीने जिल्हा शल्यचिकित्सकाला तीन प्रश्न लेखी विचारावेत. एक, आमच्या ग्रामीण रुग्णालयातल्या किती डॉक्टरांना हे शिक्षण मिळाले, आणि कधी? दोन, विष उतरलेल्या रोग्याशी घरी सोडण्याआधी कोण बोलते, आणि महिनाभराने त्याच्या दारात कोण जाते? तीन, भ्रमातल्या रोग्यासाठी १०८ येते की नाही? उत्तर आले नाही तर माहितीचा अधिकार आहे.

आणि आम्हीही काही करायचे आहे. फवारणीचे डबे कुलपात ठेवा, किल्ली दुसऱ्याकडे द्या. डॉक्टरला खरे सांगा. परत आलेल्या माणसाला 'असे का केलेस' म्हणून टोचू नका. त्याच्याजवळ बसा, त्याला एकटे सोडू नका. रात्री-अपरात्री कुणाचा धीर सुटला तर १४४१६ हा टेली-मानसचा फुकट नंबर लावा. तिथे मराठीत बोलता येते.

वाळलेली पराटी उपटून पुन्हा सरकी टोबता येते. माणूस पुन्हा पेरता येत नाही.