माकडतापाचा माग : संशय पक्ष्यांवर, धोका पायाखाली

१९५७ मध्ये तत्कालीन म्हैसूर राज्यातील क्यासनूरच्या जंगलात माकडे मरू लागली आणि लगतच्या गावांत तापाचे रुग्ण आढळले. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने विषाणू शोधला; तो रशियातील गोचीडजन्य मेंदूज्वराच्या विषाणूचा नातलग निघाला. साहजिकच सायबेरियातून येणाऱ्या पक्ष्यांच्या अंगावरील गोचिडींवर संशय गेला. जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने सलीम अली यांच्या नेतृत्वाखाली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने पक्षी पकडून त्यांच्या पायांत कडी अडकवण्याचे व गोचिडी गोळा करण्याचे काम हाती घेतले. संशय सिद्ध झाला नाही. पक्ष्यांच्या स्थलांतराची माहिती मात्र भरपूर हाती लागली, हा त्यातला अनपेक्षित नफा!

जमिनीवर चरणारे पक्षी गोचिडींची पिल्ले जंगलातल्या जंगलात वाहून नेतात, हे खरे. पण विषाणू फोफावतो तो माकडे आणि लहान सस्तन प्राण्यांत; माणसाला तो चावऱ्या गोचिडीकडून मिळतो, माणसाकडून माणसाला नाही.

२०१६ मध्ये हा ताप सिंधुदुर्गातील दोडामार्ग तालुक्यात पोहोचला. गोचिडींचा जोर कोरड्या महिन्यांत असतो आणि काजूचा हंगामही तेव्हाच. त्यामुळे बागेत जाऊ नका, हा सल्ला तिथे निरुपयोगी ठरतो. कर्नाटकात वापरात असलेली जुनी लस परिणामकारक नसल्याने २०२२ मध्ये थांबवण्यात आली. नवी लस येईपर्यंत अंगभर कपडे, गोचीड प्रतिबंधक तेल आणि मेलेल्या माकडाची तत्काळ खबर, एवढेच बागायतदाराच्या हाती आहे. त्यातली खबर वेळेत पोहोचली, तरच आरोग्य यंत्रणेला गावाआधी जंगलात जाता येते.