बास चढला, वामनदादा बुडाले

नांदेड असो की लातूर, १४ एप्रिलला डीजे लागला की काहींना अचानक ध्वनिप्रदूषण आठवते. गणपतीत यांचे कान कुठे जातात? जून २०२३ मध्ये नांदेडजवळच्या बोंढार हवेलीत अक्षय भालेराव मारला गेला, तो गावात भीमजयंती साजरी केल्याच्या रागातून, असा आरोप आहे. त्या आरोपात डेसिबल नाही, जयंती आहे. म्हणून आवाजाचे धडे आम्ही त्यांच्याकडून घेणार नाही.

पण आपसात बोलू. वामनदादा कर्डकांचे गाणे रिमिक्स करताना बास इतका चढवतात की छाती हादरते, शब्द कळत नाही. सबवूफर धडधडतो ४०-८० हर्ट्झवर. शब्द ओळखू येतो तो मुख्यतः हजार ते चार हजार हर्ट्झमधल्या व्यंजनांमुळे. बास ६ डेसिबलने वाढवला की अ‍ॅम्प्लिफायरला तिथे चौपट ताकद लागते. ती नसली की आवाज फाटतो, गायक गाडला जातो. ढोलकीची धुम काय कमी दमदार होती? पण ती शाहिराच्या मागे चालायची.

मंडळांनो, डीजेवाल्याला सुपारी देतानाच सांगा: बास उतरव, गायकाचा आवाज पुढे आण. नाही म्हणाला तर सुपारी दुसऱ्याला.